मामी डोळे मिटत नसत

मामी प्रार्थना करताना डोळे मिटत नसत. पाळकसाहेबांनी "आपण मस्तकं लववू या" म्हटलं की आमच्या हडपसरच्या चर्चमधल्या, म्हणजे मंडळीतल्या, सगळ्या माना खाली जायच्या, चुळबुळणाऱ्या पोरांच्या डोक्यावर आयांचे हात पडायचे, आणि शेवटच्या बाकावर दाराच्या अंगाला बसलेल्या मामी पदर सारखा करून मान वर काढायच्या. कोण आलंय, कोण आलेलं नाही, कुणाची मान आज जरा जास्तच खाली गेली आहे, हे सगळं त्या बघून घ्यायच्या. आम्हा मुलांना हे ठाऊक होतं, कारण आम्हीही डोळे मिटत नव्हतो. नजरानजर झाली तर त्या रागवायच्या नाहीत, नुसती भुवई उडवायच्या.

मंडळीचा कारभार बघणारे जे पंच होते, त्यांच्यातल्या एकांच्या पत्नी म्हणजे मंगलाकाकू. महिला मंडळाच्या सभेत त्यांनी एकदा मामींना टोकलं, "अहो मामी, डोळे न मिटता मन एकाग्र कसं होतं तुमचं?"

"माझं कुठं होतंय एकाग्र," मामी म्हणाल्या. "पण सगळ्यांनीच डोळे मिटले तर रडणाऱ्याकडे बघायचं कुणी?"

काकूंना ते उद्धट वाटलं. मला गंमत वाटली. मी तेव्हा कॉलेजात होते आणि मला मोठ्यांची उद्धट उत्तरं गोळा करायची हौस होती.

मामींचं खरं नाव फारसं कुणी घेत नसे. त्यांचे यजमान बसवर ड्रायव्हर होते. ते गेल्यावर मामींनी घरच्या घरी डबे सुरू केले. विदर्भातून इकडे आयटीत नोकरीला आलेली मुलं त्यांचं मुख्य गिऱ्हाईक. ती बिचारी तिखटासाठी तळमळायची. "मामी, भाजी झणझणीत लागत नाही हो," असं एकाने धीर करून सांगितलं तर मामी म्हणाल्या, "नाही लागणार. भाजी आहे ती, भांडण नाही." डबा न धुता परत आला तर दुसऱ्या दिवशी तो तसाच, रिकामा परत जायचा. तरी त्यांचं गिऱ्हाईक तुटत नसे, कारण पोरगं आजारी पडलं की त्याच्या डब्यात न सांगता मऊ भात जायचा.

रविवारी उपासना सुटली की मामी दारात उभ्या राहून प्रत्येकाला "सलाम" करायच्या. सलाम आम्ही सगळेच करतो, तो आमचा नमस्कारच आहे. पण कुणाला पाहून तो ओठांतच राहतो, हेही मंडळीत सगळ्यांना कळतं. दारू पिणारा एक मेकॅनिक यायचा, घरच्यांना न सांगता लग्न केलेली एक मुलगी यायची, त्यांच्या वेळी लोकांना नेमकी चपला शोधायची घाई व्हायची. मामींचा सलाम त्या दोघांना सगळ्यांत मोठ्या आवाजात मिळायचा.

महिन्याच्या पहिल्या रविवारी आमच्याकडे प्रभुभोजन असतं, येशूच्या शेवटच्या जेवणाची आठवण म्हणून. भाकरीच्या तुकड्यांचं ताट आणि द्राक्षरसाचे चिमुकले पेले बाकाबाकावरून हातोहात फिरतात. मन स्वच्छ नसेल तर घेऊ नये, हे आम्हाला लहानपणापासून शिकवलेलं. त्यामुळे ताट नुसतं पुढे सरकवणाऱ्याकडे लोक न बघितल्यासारखं करून नीट बघतात, आणि घरी पोचेपर्यंत त्याच्या पापाचा अंदाज बांधून झालेला असतो. मामी दर महिन्याला ताट हातात घ्यायच्या आणि शेजारच्याला देऊन टाकायच्या. पण त्यांच्याबद्दल कुणी अंदाज बांधत नसे, कारण त्यांना मधुमेह होता. "मामींना शुगर आहे ना, द्राक्षरस चालत नाही," हे इतकं पक्कं झालं होतं की भाकरीच्या चिमूटभर तुकड्यात कुठली आली शुगर, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. माझ्याही नाही.

मला काय झालं होतं, हे मला अजून धड सांगता येत नाही. कंपनीत चांगली नोकरी होती. वाघोलीच्या आमच्यातल्याच एका घरी लग्न ठरलं होतं, साखरपुडा झाला होता. आणि मला सकाळी अंथरुणातून उठता येईना. आंघोळ म्हणजे डोंगर वाटायचा. प्रार्थनेला बसले की शब्द येत नसत, आणि शब्द येत नाहीत म्हणजे देवाने पाठ फिरवली, असं वाटायचं. एक दिवस मी आईला म्हणाले, "मला जगायचं नाही." बाबा कपडेही न बदलता मला इस्पितळात घेऊन गेले. मनोरुग्ण विभागात मी काही आठवडे होते. पुण्यात कुणी जरा वेडंवाकडं बोललं की "याला येरवड्याला पाठवा" असं हसत म्हणतात, तिथे वेड्यांचं इस्पितळ आहे म्हणून. मीही म्हणत आले होते. विभागातल्या खाटेवर पडून मला ते वाक्य सारखं ऐकू यायचं.

आईने सगळ्यांना टायफॉइड सांगितला. बाबा गप्प राहिले. पण आईला ते एकटीला पेलवेना, म्हणून तिने मंगलाकाकूंना विश्वासात घेतलं. "तुम्ही एकट्याच प्रार्थना करा, कुणाला बोलू नका," असं बजावून सांगितलं. आता, आमच्या मंडळीत चहाडी कुणी करत नाही. प्रार्थनेचा विषय देतात. मी घरी आल्यावर पहिल्यांदा चर्चमध्ये गेले, त्या रविवारी पाळकसाहेबांनी नेहमीप्रमाणे विचारलं, "कुणाचे काही प्रार्थनेचे विषय?" मंगलाकाकू उभ्या राहिल्या. "आपली कृपा मनोरुग्णालयातून घरी आली आहे," त्या म्हणाल्या. "तिच्या मनावरची अंधाराची सत्ता मोडावी, म्हणून आपण सगळ्यांनी तिला प्रार्थनेत धरू या."

काकू दुष्ट नव्हत्या. हे लिहायला मला जड जातं, पण नव्हत्या. आपण माझ्यासाठी काही चांगलं करतो आहोत, असंच त्यांना वाटत होतं. सगळ्यांनी डोळे मिटले आणि माझ्या नावाने प्रार्थना सुरू झाली. भर बाजारात कुणी अंगावरचे कपडे ओढून काढावेत, आणि वर देवाचं नाव घ्यावं, तसं मला झालं. मी मागे वळून पाहिलं तर मामी माझ्याकडेच बघत होत्या. मी उठले आणि चालायला लागले.

दुचाक्या लावतात तिथे त्यांनी मला गाठलं. धाप लागली होती त्यांना. "प्रार्थना चालू असताना उठून जाणारी तू दुसरी," त्या म्हणाल्या. "पहिल्याच्या मागे कुणी गेलं नाही. चल, पाणी पी." पहिला कोण, हे विचारायचं मला सुचलं नाही.

त्यानंतरचे दिवस वाईट गेले. मंडळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर माझ्या नावापुढे जोडलेले हात येत राहिले. आईने सगळीकडे सांगितलं की काकूंचा गैरसमज झाला, टायफॉइडच होता, ताप जरा डोक्यात गेला होता. लोक "हो का, हो का" म्हणाले. त्यांना खरं माहीत होतं, त्यांना ते माहीत आहे हे आईला माहीत होतं, आणि तरी रोज कुणीतरी "टायफॉइडनंतर अशक्तपणा राहतोच हो" म्हणून डाळिंब आणून देत होतं. मला त्या डाळिंबांचा इतका राग यायचा की विचारू नका. वाघोलीहून निरोप आला, "आम्ही खूप प्रार्थना केली, पण आम्हाला या संबंधाविषयी शांती मिळत नाही." मामींना कळलं तेव्हा त्या कणीक मळत होत्या. "नाही म्हणायचं तर आपल्या तोंडाने म्हणावं," त्या म्हणाल्या. "प्रभूला कशाला निरोप्या करायचा?" कितीतरी दिवसांनी मला हसू आलं.

त्या मला घरून जवळजवळ ओढूनच घेऊन गेल्या होत्या. "माझा खांदा दुखतो, पोळ्या लाटायला ये," एवढंच आईला सांगितलं. माझ्या पोळ्या गोल होत नसत. "होऊ देत नकाशे," मामी म्हणायच्या, "पोरांना भूगोल येईल." उपदेश केला नाही, बायबलमधली वचनं ऐकवली नाहीत. मी एखाद्या दिवशी नुसती भिंतीला टेकून बसले तर मला वळसा घालून डबे भरायच्या. दुपारच्या गोळीची वेळ झाली की मी मोरीत जाऊन गोळी घ्यायचे. आठवडाभर त्यांनी ते पाहिलं. मग एक दिवस स्वतःची मधुमेहाची गोळी जिभेवर ठेवून, पाण्याचा तांब्या माझ्यापुढे सरकवून म्हणाल्या, "मी माझी इथे बसून घेते. तुझी काय चोरीची आहे?"

एकदा उपास-प्रार्थना करणाऱ्या तीन-चार बायका आजाऱ्याच्या कपाळाला लावायच्या तेलाची बाटली घेऊन मामींच्या घरी आल्या. मी तिथे असते हे त्यांना कळलं होतं. माझ्यात काहीतरी शिरलं आहे, ते काढायचं आणि गोळ्या बंद करायच्या, असं त्यांचं म्हणणं. मामी उंबऱ्यात उभ्या राहिल्या आणि हात पिठाचे असल्यामुळे कोपराने दार धरलं. "तिला बरं वाटावं म्हणून प्रार्थना करायची असेल तर बसा, चहा टाकते. ती लवकर बरी दिसावी म्हणून करायची असेल, तर आपापल्या घरी करा." बायका चहा न घेता गेल्या. मी आत रडत होते. मामी म्हणाल्या, "पाप केलं असशील तर सांग, दोघी मिळून क्षमा मागू. आजाराची क्षमा कशी मागतात, ते मला माहीत नाही."

बायबलमधल्या शुभवर्तमानातली रक्तस्रावाची बाई त्यांना फार जवळची वाटायची. कुणी शिवू नये अशी ती बाई गर्दीत मागून येते, येशूच्या वस्त्राला हात लावते आणि बरी होते. "बरी झाली होती ना? मग त्याने तिला थांबवलं कशाला?" मामी विचारायच्या आणि उत्तरही स्वतःच द्यायच्या. "कारण ती खाली मान घालून पळणार होती. रक्त थांबलं, लाज तशीच. त्याने सगळ्या गर्दीसमोर तिला मुलगी म्हटलं. तेव्हा ती बरी झाली, असं मला वाटतं."

मला तोवर उलट बोलण्याइतकी ताकद आली होती. मी म्हटलं, "मग मामी, तुम्ही ताट पुढे का देता? भाकरीत काही शुगर नसते."

त्यांनी गॅस बारीक केला. मग म्हणाल्या, "माझा विनय तापाने गेला, असं सगळ्यांना माहीत आहे. तुझ्या आईलाही. तो तापाने गेला नाही, कृपा. त्याने आपला जीव आपण दिला."

विनय त्यांचा एकुलता एक. माझ्या जन्माच्या आधी गेलेला. तो महिनोन्‌महिने उदास होता, कामाला जात नव्हता, कुणाशी बोलत नव्हता. "आम्ही संध्याकाळी घरची प्रार्थना करायचो," मामी सांगत होत्या. "मी मोठ्याने करायचे, त्याला ऐकू जावी म्हणून. प्रभू, या मुलाचा आळस काढ, याला शहाणपण दे, आम्हाला मंडळीत खाली बघायला लावू नको. डोळे घट्ट मिटून, चांगली लांबलचक प्रार्थना. माझ्यासमोरून तो उठून गेला. आमेन म्हणून डोळे उघडले तर जागा रिकामी. वाटलं, येईल." तो आला नाही. तेव्हाच्या पाळकांनी आणि मामींच्या यजमानांनी मिळून ताप सांगायचं ठरवलं. जीव दिलेल्याचं दफन रीतसर होऊ देतील की नाही, ही भीती होती. "खोटं बोलून त्याच्यासाठी मातीत जागा मिळवली. ज्यांच्याशी खोटं बोलले त्यांच्याबरोबर एका ताटातली भाकर कशी घेऊ? आणि खरं सांगावं, तर माझ्या लेकराचं नाव पुन्हा त्यांच्या तोंडी."

मी त्यांचा पिठाचा हात धरला. आणि मग, का कोण जाणे, म्हणाले, "तुम्ही घ्याल तेव्हाच मी घेईन." कारण त्या रविवारपासून मीही शेवटच्या बाकावर बसत होते, ताट पुढे देत होते.

"मला अट घालतेस?" मामी चिडल्या. त्या दिवशी भाजी करपली.

पुढच्या पहिल्या रविवारी आम्ही दोघींनी ताट पुढे दिलं. त्याच्या पुढच्याही. मामींना आमच्या दोघींचं हे बघवत नव्हतं, ते मला दिसत होतं. आणखी एका महिन्याने पाळकसाहेबांनी प्रार्थनेचे विषय विचारले, तेव्हा माझ्या शेजारचा बाक करकरला. मामी उभ्या होत्या. समोरच्या बाकाची पाठ त्यांनी दोन्ही हातांनी धरली होती.

"माझा एक विषय आहे. माझा मुलगा विनय तापाने गेला नव्हता. तो मनाने आजारी होता. आम्हाला कळलं नाही, आणि त्याने जीव दिला. मी तुम्हा सगळ्यांशी खोटं बोलले, कारण मला लाज वाटली. त्याची वाटायला नको होती. पण वाटली."

पाळकसाहेब वयाने लहान, नवीन आलेले. ते गोंधळून म्हणाले, "आपण डोळे मिटून..."

"नको, पाळकसाहेब," मामी म्हणाल्या. "एकदा माझ्याकडे बघा सगळे. मग प्रार्थना करा."

लोकांनी वळून पाहिलं. काहींनी पाहवेना म्हणून पुन्हा समोर तोंड केलं. मेकॅनिक मोठ्याने रडायला लागला. मग ताट आलं. मामींनी भाकर घेतली. तो तुकडा त्या तोंडाशी नेत असताना मी त्यांचं कोपर धरून ठेवलं. ताट माझ्याकडे आलं, आणि मी ते पुढे दिलं. शब्द माझाच होता, पण हात उचलला गेला नाही. मामींनी तोंडाने खरं सांगितलं होतं. माझ्या घरी अजून टायफॉइडच होता.

बाहेर एक पंच मामींना म्हणाले, "इतकी वर्षं तुम्ही मंडळीला अंधारात ठेवलंत."

"हो," मामी म्हणाल्या. "मीही तिथंच होते."

मला वाटलं त्या माझ्यावर रागावतील. रिक्षात मी माफी मागायला लागले तर त्यांनी गप्प केलं. "मला अर्धं आयुष्य लागलं. तुला दोन-तीन महिन्यांत कसं जमेल?" थोड्या वेळाने म्हणाल्या, "दुसऱ्याने तुझं सांगितलं, ती बदनामी झाली. तू तुझं सांगशील तेव्हा ती साक्ष होईल. सांगायलाच पाहिजे असंही नाही. पण पोळ्यांना यायचं सोडू नकोस."

मंडळीतले सगळे काही विरघळले नाहीत. महिला मंडळात मामींच्या शेजारची खुर्ची रिकामी राहायला लागली. विनयच्या कबरीवरून दबक्या आवाजात चर्चा झाल्या. मामींना ते लागलं, नाही कशाला म्हणू. पण त्या दर महिन्याला भाकर घेत होत्या आणि मी ताट पुढे देत होते. तशातच त्यांच्या मूत्रपिंडांनी दगा दिला. इस्पितळात मी डबा घेऊन गेले की झाकण उघडून पोळीकडे बघायच्या. "अजून नकाशेच," म्हणायच्या. एका दुपारी मी बाटलीत पाणी भरून आणेपर्यंत त्या गेल्या. मी दाराशी बाटली धरून उभी राहिले आणि मला कळेना की आता कुणाला हाक मारायची.

त्यांच्या इच्छेप्रमाणे विनयच्याच कबरीत त्यांना ठेवायचं होतं. पाळकसाहेबांनी तेवढं करून दाखवलं. कबरीपाशी त्यांनी विचारलं, कुणाला दोन शब्द बोलायचे आहेत का? मंगलाकाकूंचे यजमान मामींच्या हातच्या जेवणाबद्दल बोलले. आणखी एक बाई जेवणाबद्दलच बोलल्या. मला सहन होईना. मी पुढे झाले. आईने माझ्या ओढणीचं टोक धरलं, मला कळलं तिने धरलंय. तरी मी बोलले.

"मला टायफॉइड झाला नव्हता. मला मनाचा आजार झाला. मी मनोरुग्ण विभागात होते, अजून गोळ्या घेते. मामींनी मला एकदाही बरी हो म्हटलं नाही. त्या म्हणायच्या, ये. म्हणून मी आज इथे आहे." ओढणीचं टोक कधी सुटलं ते मला समजलं नाही.

घरी आल्यावर आईने स्वयंपाक केला, वाढलं, आणि भांडी घासताना भिंतीकडे बघत म्हणाली, "चार लोकांत माझी काही किंमत ठेवलीस का?" मला तिचा राग आला नाही, हे नवीन होतं. तिची भीती मला ओळखीची वाटली. कितीतरी दिवस आमच्या घरात मीठ दे, दार लाव, एवढंच बोलणं चाललं.

मग महिन्याचा पहिला रविवार आला. मी शेवटच्या बाकावर जाऊन बसले. शेजारी मामींची जागा मोकळी होती. आई नेहमीप्रमाणे पुढे दुसऱ्या बाकाकडे निघाली होती, तेवढ्यात एका बाईंनी मायेनेच तिचा हात धरला. "आता बरी आहे ना हो कृपा? दफनाच्या वेळी फार दुःखात होती, काहीच्या बाही बोलून गेली. टायफॉइडनंतर होतं असं."

आई थांबली. तिची पाठ मला दिसत होती. "टायफॉइड नव्हता," ती म्हणाली. मग जरा मोठ्याने तिने परत सांगितलं. "नव्हता हो टायफॉइड. मनाचा आजार आहे तिला. गोळ्या चालू आहेत. मीच खोटं सांगत होते."

त्या बाईंनी हात सोडला. आई दुसऱ्या बाकाकडे गेली नाही. ती सगळे बाक ओलांडून मागे आली आणि मामींच्या जागी बसली. उपासनेत तिने माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही. तिचा हात माझ्या हाताला लागत होता, बर्फासारखा गार.

ताट आलं. आईने ते घेतलं, आणि स्वतः काही न घेता माझ्यापुढे धरून ठेवलं.